येतानाचे भाडे

जून २०२२ मध्ये माझा जड वाहनाचा परवाना टपालाने घरी आला आणि मे २०२३ मध्ये मला पहिले कायम काम मिळाले. मधल्या अकरा महिन्यांत मी कोणाकोणाच्या दारात उभा राहिलो, काय शिकलो आणि कोठे चुकलो, हे आजवर सलग कधी लिहिले नव्हते. गेल्या वर्षभरात आमच्या सिन्नर तालुक्यातल्या चार-पाच मुलांनी परवाना काढून झाल्यावर मला एकच प्रश्न विचारला, की आता काम कोठे मिळेल. आणि प्रत्येकाला मी फोनवर, घाईत, अर्धेमुर्धे उत्तर दिले. त्यांना जे सांगायचे राहून गेले, ते येथे सविस्तर लिहितो आहे.

परवान्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे वाहतुकीचे वाहन चालवण्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि त्याचा शिकाऊ परवाना मागण्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जुना असावा लागतो. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. एक गोष्ट मात्र नव्या मुलांना अजूनही ठाऊक नसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. म्हणजे जड वाहनाचा परवाना येण्याची वाट पाहत घरी बसण्याचे कारण नाही. पिकअपवर किंवा छोट्या आयशरवर घातलेले एक वर्ष पुढे फार उपयोगी पडते. मी स्वतः एकोणिसाव्या वर्षापासून पिकअपवर भाजीपाला नाशिकला नेत होतो, आणि पुढे मला जे थोडे दरवाजे उघडले ते या तीन वर्षांमुळेच उघडले.

ड्रायव्हिंग स्कूलने मला गाडी सुरू करायला, गिअर टाकायला आणि चाचणी पास व्हायला शिकवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही; तेवढीच फी मी भरली होती. परंतु शाळेच्या त्या ट्रकचा हौदा कायम रिकामा होता. पंधरा टन माल भरलेली गाडी ब्रेक दाबल्यावर किती अंतर पुढे जाते, वळणावर तिचे वजन कोणत्या बाजूला कलते, चढावर कोणत्या क्षणी गिअर उतरवला नाही तर इंजिन दम सोडते, यातले काहीही रिकाम्या गाडीवर कळत नाही. रात्रीचे चालवणे नाही, घाट नाही, अरुंद गोदामात मागे घेणे नाही. ज्या दिवशी परवाना हातात आला त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने मी दहा टायरची गाडी देशात कोठेही नेऊ शकत होतो, आणि भरलेला ट्रक मी एकदाही हलवलेला नव्हता. मालकांना हे नेमके ठाऊक असते.

नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलवर मी सलग नऊ दिवस गेलो. सकाळी नऊला पोहोचायचे, ट्रान्सपोर्टच्या एकेका कार्यालयात जाऊन परवाना दाखवायचा, आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. सगळीकडे पहिला प्रश्न एकच होता : "कोणत्या लाइनला होतास?" ड्रायव्हरच्या बोलीत लाइन म्हणजे नेहमीचा लांबचा मार्ग, बंगळुरू लाइन, इंदूर लाइन, कोलकाता लाइन. कोणत्याच लाइनला नव्हतो असे सांगितले, की बोलणे तेथेच संपे. काहींनी नंबर लिहून घेतला. फोन एकाचाही आला नाही.

सातव्या दिवशी दोन गाड्या असलेल्या एका वयस्कर मालकाने मला समोर बसवून चहा दिला आणि जे सांगितले, त्याने माझा राग गेला. ते म्हणाले, "तुझ्यात खोट आहे असं नाही. पण गाडीचा हप्ता पाच तारखेला बँकेतून जातो. तू कुठं घासलीस तर गाडी पंधरा दिवस गॅरेजला उभी, आणि हप्ता काही उभा राहत नाही. वर डिझेल तुझ्या हातात, पार्टीचा माल तुझ्या हातात. ओळखीशिवाय मी कुणाच्या जिवावर चावी देऊ?" तोपर्यंत मी समजत होतो, की लोक अनुभवाच्या नावाखाली नव्या मुलांना उगीच परत पाठवतात. ज्याचे घर, जमीन आणि पुढच्या चार-पाच वर्षांची कमाई एका गाडीत अडकलेली आहे, तो माणूस परवान्याच्या कार्डाकडे पाहून चावी देणार नाही, हे त्या दिवशी मला पटले. त्याला कोणीतरी ओळखीचा माणूस हवा असतो, जो म्हणेल की या मुलाला मी गाडीवर पाहिले आहे.

पूर्वी ही ओळख किन्नर, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, म्हणून घालवलेल्या वर्षांतून तयार होत असे. मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी गाडीवर चढायचा, टायर बदलायचा, ताडपत्री बांधायचा, स्वयंपाक करायचा, आणि तीन-चार वर्षांनी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचा. त्या पद्धतीत मुलांचे हाल होत आणि त्यांच्या शाळा सुटत, म्हणून ती परत यावी असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु आज भाडे परवडत नाही म्हणून बहुतेक गाड्यांवर किन्नर ठेवतच नाहीत. ड्रायव्हर एकटाच असतो. शिकण्याची ती जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी कोणी निर्माण केली नाही. माझ्या मते नव्या ड्रायव्हरची खरी अडचण येथे आहे.

मला वाट मिळाली ती नात्यातून. माझ्या मावशीचे चुलत दीर पंचवीस वर्षे गाडीवर आहेत. त्यांना सगळे नाना म्हणतात, मीही म्हणतो. जुलैअखेरीस पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोची आवक वाढली, तेव्हा त्यांनी शेठला सांगून मला आपल्या सहा टायरच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून घेतले. पगार नव्हता, फेरीमागे पाचशे रुपये आणि जेवण. संध्याकाळी वीस-वीस किलोचे क्रेट भरायचे, हवा खेळावी म्हणून ताडपत्री मागून अर्धी मोकळी ठेवायची, आणि पेठ-धरमपूरमार्गे रात्रभर चालून पहाटेच्या लिलावाआधी सुरत गाठायची. परतीच्या रस्त्यावर गाडी रिकामी असे, तेव्हा स्टिअरिंग माझ्याकडे. तीन आठवड्यांनी त्यांनी मला भरलेली गाडी दिली, तीही आधी फक्त पेठच्या पुढच्या सपाट रस्त्यावर.

त्या रात्रींपैकी एक मला अजून जशीच्या तशी आठवते. नाशिक-पेठ रस्त्यावर सावळघाट आणि कोटंबीचा घाट असे दोन घाट लागतात. पाऊस थांबलेला होता, पण रस्ता ओला होता. नाना गाडी उतरवत होते आणि मला फक्त ऐकायला सांगत होते. "ज्या गिअरात चढवशील, त्याच गिअरात उतरव. इंजिनचा आवाज ऐक, तेच गाडी धरून ठेवतंय. पाय ब्रेकवर नुसता ठेवून देऊ नको." डिझेल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. तसे केले की सगळे वजन एकट्या ब्रेकवर येते, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक नेमका शेवटच्या वळणावर धरत नाही. घाट संपल्यावर नानांनी गाडी बाजूला घेतली, चाकाखाली दगड लावायला लावला आणि मला मोबाईलच्या उजेडात प्रत्येक चाकापाशी जाऊन हाताची मागची बाजू ड्रमपासून वीतभर अंतरावर धरायला सांगितली. तीन ठिकाणी साधारण सारखी ऊब लागली; मागच्या उजव्या जोडीपाशी मात्र चुलीसमोर हात धरावा तशी धग होती आणि करपल्यासारखा वास येत होता. नाना म्हणाले, त्या चाकाचा ब्रेक चिकटतो आहे. त्यांनी पाना घेऊन गाडीखाली अंग सरकवले, अ‍ॅडजस्टर थोडा ढिला केला, आणि अर्धा तास गाडी थंड होऊ दिली. त्या अर्ध्या तासात सुरतेच्या लिलावाची वेळ हातची जाईल म्हणून माझा जीव खालीवर होत होता. ते शांत बसले होते. आजही घाट उतरल्यावर मी ही फेरी मारतो, गाडी कितीही नवी असली तरी.

ऑक्टोबरात टोमॅटो ओसरला आणि माझे कामही थांबले. तेव्हा मी एक मोठी चूक केली. एकच गाडी असलेल्या एका मालकाने, कोणाचीही ओळख न विचारता, महिना सोळा हजारांवर मला ठेवून घेतले. ज्याला घाई आहे असा मालक मला का घेतो आहे, हा विचार मी केला नाही. जुना ड्रायव्हर का गेला, हेही मी विचारले नाही. तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्याच्या रिळांचा माल भरला. ताडपत्रीला दोन ठिकाणी चिरा होत्या, त्या मला दिसल्या होत्या. मालकाला सांगितले तर तो म्हणाला, आता पाऊस संपला. परतीच्या पावसाने घोटीच्या अलीकडेच आम्हाला गाठले आणि चार रिळे भिजली. पार्टीने भाड्यातून नुकसान कापले आणि मालकाने ते माझ्या पगारातून कापले. महिनाभराच्या कामाचे मला दोन हजार सातशे रुपये मिळाले. माझ्याजवळ लेखी काही नव्हते. ताडपत्री फाटकी असल्याचा शेरा ना बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, होता, ना कोठे फोटो होता. त्या दिवसापासून मी शंभर पानी वही ठेवू लागलो. तारीख, किलोमीटर, डिझेल किती लिटर आणि कोठे, हवा, टायरची स्थिती, माल भरताना आणि उतरवताना मोजलेले नग, काट्यावरचे वजन, आणि मालकाला काही सांगितले असेल तर ते कोणत्या वेळी सांगितले. माल बांधण्याआधी ताडपत्रीचा आणि हौद्याचा फोटो. ही वही पुढे माझ्या परवान्याइतकीच कामाला आली.

जानेवारी ते एप्रिल २०२३ मी द्राक्षांच्या रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरवर दुसरा ड्रायव्हर होतो. निफाड, दिंडोरी भागातल्या पॅकहाउसमध्ये कंटेनर भरायचा आणि कसारा घाट, भिवंडी, शिळफाटा, कळंबोली असे करत न्हावाशेवा बंदरात पोहोचवायचा. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास राखावी लागतात, म्हणून जनरेटर चालू आहे ना आणि तापमानाचा आकडा हललेला नाही ना, हे दर दोन तासांनी पाहून लिहिणे हे माझे काम होते. पैसे चांगले मिळाले. एप्रिलअखेर बागा संपल्या आणि पुन्हा घरी. तेव्हा माझ्या लक्षात आले, की आमच्या जिल्ह्यात शेतमालाचे काम नव्या ड्रायव्हरला लवकर मिळते, कारण हंगामात गाड्यांना माणसे कमी पडतात. पण टोमॅटो, द्राक्षे, ऊस यांपैकी कशाच्याही भरवशावर बारा महिन्यांचे घर चालत नाही. ते हंगाम शिकण्यासाठी घ्यावेत आणि संपण्याआधीच पुढचे पाहावे. मी हंगाम संपेपर्यंत थांबलो, तेवढा वेळ वाया गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण तो मला फार उशिरा कळला. ड्रायव्हरचे काम कायम आहे की नाही, हे पगाराच्या आकड्यावरून ठरत नाही. येतानाच्या भाड्यावरून ठरते. लाइनच्या गाडीला जाताना माल मिळतो. नाशिकहून माल भरून गाडी बंगळुरूला तीन दिवसांत पोहोचते, पण परतीचे भाडे मिळेपर्यंत तेथल्या ट्रान्सपोर्ट नगरात कधी एक दिवस, कधी चार दिवस उभी राहते. मालक म्हणतो, रिकामी आणू नको, डिझेल निघणार नाही. ते त्याच्या बाजूने बरोबरच असते. त्या चार दिवसांत ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून पडलेला असतो, भत्ता संपत येतो, आणि फेरीवर पैसे ठरलेले असतील तर त्या दिवसांची कमाई शून्य. महिन्याला पंचवीस हजार सांगितलेले काम अशा महिन्यात चौदा हजारांवर येते. म्हणून काम विचारायला जाल तेव्हा पगाराआधी हे विचारा, की गाडी येताना काय घेऊन येते, ते आधीच ठरलेले आहे का, आणि नसेल तर उभ्या दिवसांचे पैसे मिळतात का.

मे २०२३ मध्ये नानांनी मला सिन्नरच्याच मुसळगाव औद्योगिक वसाहतीतल्या एका ठेकेदाराकडे पाठवले. त्यांच्या बत्तीस फुटी कंटेनर गाड्या येथून वाहनांचे सुटे भाग चाकणला नेतात आणि तेथून रिकाम्या लोखंडी ट्रॉल्या व बिन परत आणतात. हेच त्यांचे येतानाचे भाडे. कारखान्यांमधल्या करारात दोन्ही दिशांचे पैसे धरलेले असतात, त्यामुळे चाकणला कोणी भाडे शोधत बसत नाही. ट्रॉल्या भरल्या की गाडी परत निघते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माल तयार असतो. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर.

ट्रायल घ्यायला तेथले सुपरवायझर स्वतः आले. मला वाटले होते ते गाडी रस्त्यावर काढायला लावतील. त्यांनी चावी दिली आणि काहीच बोलले नाहीत. मी सवयीने आधी गाडीभोवती फिरलो. तेल आणि पाणी पाहिले, टायरांवर दांडा मारून आवाज ऐकला, हवेच्या टाकीचा वॉल्व्ह ओढून साचलेले पाणी सोडले, मागच्या दारांच्या कड्या आणि दिवे पाहिले, मग इंजिन सुरू करून हवेचा काटा वर येईपर्यंत थांबलो. नंतर त्यांनी गाडी मागे घेऊन धक्क्याला लावायला सांगितले. डावीकडे दुसरी गाडी, उजवीकडे खांब, आणि मध्ये जेमतेम जागा. मी दोनदा गाडी थांबवून खाली उतरलो, मागे जाऊन अंतर पाहिले, पुन्हा चढलो. बाजूला उभे असलेले दोन ड्रायव्हर हसले. तिसऱ्या प्रयत्नात रबरी पट्ट्यांना गाडी टेकली. सुपरवायझरांनी माझी वही मागितली, टोमॅटोच्या हंगामापासूनची पाने उलटली आणि विचारले, "हा डिझेलचा हिशेब तुला कुणी लिहायला सांगितला होता?" कोणी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "सोमवारी ये. पहिले पंधरा दिवस दुसऱ्याबरोबर बसशील." खाली उतरून पाहिल्याबद्दल त्यांनी त्या दिवशी काहीच म्हटले नाही, पुढे एकदा बोलता बोलता सांगितले, की घेण्याचा निर्णय त्यांनी तेव्हाच केला होता.

रात्री नऊला निघायचे, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत दोनच्या सुमारास चाकण, रांगेत क्रमांक लावून गाडीतच झोप, सकाळी सातला माल उतरवणे, आणि तळेगाव चौकातली कोंडी वाढण्याआधी बाहेर पडणे. पगार त्या वेळी भविष्य निर्वाह निधी कापून हातात सतरा हजार आणि फेरीचा भत्ता वेगळा. लाइनचे मित्र म्हणत, एवढ्यात काय होते. परंतु रविवारी मी घरी असतो, दहा तारखेच्या आत पैसे खात्यात येतात, आणि निधीत माझ्याइतकीच भर मालकाकडूनही पडते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली होती, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर त्यात कधी आलाच नाही, आणि आपल्याकडे मालक बहुतांशी असेच छोटे आहेत. काम निवडताना गाड्या किती आहेत, हा प्रश्न म्हणूनही महत्त्वाचा ठरतो.

नव्या मुलांकडे एक गोष्ट अशी आहे, जी जुन्या उस्तादांकडे सहसा नसते, आणि तिची किंमत त्यांनी ओळखावी. कागद आणि फोन. लागल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात शनिवारी रात्री मी माल घेऊन निघालो. रविवारी चाकणच्या कारखान्याला अचानक सुट्टी जाहीर झाली आणि गाडी दाराबाहेर उभी राहिली. ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारा जीएसटीचा कागद, दोनशे किलोमीटरपर्यंतच्या अंतराला एक दिवस चालते, आणि तो दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे आमचे बिल रविवारी रात्री बाराला संपत होते. मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंतच. मी संध्याकाळी पाचला कार्यालयात फोन करून आठवण दिली आणि साडेपाचला बिल वाढवले गेले. मुदत संपलेल्या कागदावर तपासणी पथकाने गाडी धरली असती, तर माल अडकला असता आणि दंड पगाराच्या कित्येक पट बसला असता. त्या घटनेनंतर मला नवी गाडी मिळाली. नव्या गाड्यांत युरियाची टाकी, सेन्सर, डॅशबोर्डवर उमटणाऱ्या सूचना असतात. त्या वाचून कार्यालयाला नीट सांगणारा ड्रायव्हर मालकाला हवाच असतो. मी ताडपत्री बांधणे नानांकडून शिकलो, आणि फास्टॅगची शिल्लक पाहणे व ई-वे बिलाची तारीख तपासणे त्यांना शिकवले.

विचारण्यासारखे अजून थोडे आहे. माल उतरवताना मागितली जाणारी वाराई, म्हणजे उतरवणाऱ्यांचे पैसे, कोण देणार, हे निघण्याआधी ठरवून घ्या, नाहीतर ती भत्त्यातून जाते. उचल घेऊ नका. वीस हजारांची उचल डोक्यावर असलेला माणूस वाईट मालकाला सोडू शकत नाही. गाडीचा विमा, फिटनेस आणि पीयूसी यांच्या तारखा स्वतः पाहा. आणि पासिंगपेक्षा, म्हणजे कागदावर मंजूर असलेल्या वजनापेक्षा, जास्त माल भरायला सांगितला तर नाही म्हणा. दोन एक्सलच्या गाडीचे एकूण वजन २०१८ मध्ये साडेअठरा टनांपर्यंत वाढवले गेले आहे; त्याच्यावर भरलेली गाडी घाटात कशी वागेल, हे तिला ब्रेक लावणाऱ्यालाच भोगावे लागते. मी एकदा नाही म्हटले आणि एक फेरी गमावली. पुढच्या आठवड्यात त्याच माणसाने कागदावरच्या वजनाचा माल देऊन बोलावले.

आता माझ्यापुढे एक निर्णय आहे. मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तेथून उत्तर महाराष्ट्रातल्या पंपांना टँकर जातात. टँकर येताना रिकामाच यायचा असतो. परतीच्या भाड्याचा प्रश्नच नाही, आणि पंपाला इंधन बारा महिने लागते. त्यासाठी धोकादायक मालाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर नोंद करून घ्यावी लागते. ही नोंद तीन वर्षे चालते. पगार माझ्या आजच्या पगारापेक्षा बरा आहे. आईचा विरोध आहे. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद न्याय संहितेत आल्यावर तेथल्या टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हाच्या बातम्या तिने पाहिल्या होत्या. ते कलम अजून लागू झालेले नाही, हे मी तिला समजावून सांगितले. पण तिची भीती कलमाची नाही. वीस हजार लिटर पेट्रोल माझ्या पाठीमागे असेल, ही आहे. नाना म्हणतात, अर्धा भरलेला टँकर वळणावर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड, कारण आतले तेल गाडी थांबल्यावरही पुढे-मागे हलत राहते. ते म्हणतात, तू आधी माझ्या ओळखीच्या एका टँकरवाल्याबरोबर चार फेऱ्या नुसता बसून ये. पुढच्या दोन रविवारी मी त्यांच्याबरोबर मनमाडला जाणार आहे. प्रशिक्षणाचा अर्ज भरून ठेवला आहे, अजून दिलेला नाही.